मामंजींचा चढ

घर भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात, ते मला पुण्यात तोंडपाठ झालं होतं. नोकरी कुठं, लग्न कधी, मित्रमंडळी येणार का, अंडं तरी खाता का. नोकरीसाठी हैदराबादला आले, तर चिक्कडपल्लीतल्या काकूंनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अनवाणी चालता येतं का तुला?"

मला वाटलं, सोवळंओवळं असेल. म्हटलं, "हो, घरात मी चप्पल घालतच नाही."

"घरातलं कोण विचारायलं, बाई? दगडावर."

असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार, कपाळ! मी नुसती मान हलवली. त्यांनी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि जिन्याखाली बोट दाखवलं. तिथं एक जुनी लष्करी जीप उभी होती. दारं नव्हती, वर ताडपत्री होती, आणि ठिकठिकाणी ठिगळ लावल्यासारखे तीन-चार वेगवेगळे हिरवे रंग फासलेले होते. तिनं सगळं अंगण अडवलेलं होतं. वर जायचं तर अंग चोरून, भिंतीला पाठ घासत जावं लागायचं.

"हिला धक्का लागला तर हिला काही होत नाही," काकू म्हणाल्या. "तुला होईल."

तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे गेलेल्या होत्या. उंची बेताची, नऊवारी नाही की सलवार नाही, सुती साडी आणि त्यावर मुलाचा जुना शर्ट. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, शेतीवाडीचं. पण सासरचं घर निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत. त्यामुळे बोलणं असं, की सुरुवात नांदेडला व्हायची, मधे तेलुगू लागायचं आणि शेवट "नक्को" किंवा "हौ"नं व्हायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला. आणि दर रविवारी सकाळी ही बाई जीप घेऊन शहराबाहेरच्या खडकाळ माळावर जायची आणि ती दगडांवर चढवायची. कशासाठी? काही नाही. चढता येतं म्हणून.

मी टेस्टिंगमधली. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. पहिल्या रविवारी मी कुतूहलापोटी गेले आणि खोट काढायच्याच तयारीनं गेले. परत आले तेव्हा एकही खोट सापडली नव्हती. घराच्या भिंतीसारखा खडक, त्यावर ती खटारा जीप इंजिनाचा आवाजसुद्धा न वाढवता, सावकाश, एकेक चाक ठेवत चढली. आम्ही पुण्यात सिंहगडाच्या घाटात पहिल्या गिअरला घाम फोडतो! मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "घाटात रस्ता असतो गं. रस्त्यावर गाडी कुणीबी चालवतं."

त्या माळावर शहरातली बरीच हौशी मंडळी येत. मोठमोठ्या नव्याकोऱ्या फोर-व्हील गाड्या, वर दिव्यांची रांग, पुढे दोर ओढायचं यंत्र, अंगात खिसेच खिसे असलेल्या पँटी. आणि काकूंचा एकच नियम सगळ्यांना लागू: ज्या चढावर गाडी घालायची, तो चढ आधी पायांनी चढायचा. अनवाणी. बूट काढल्याशिवाय त्या कुणाला चढाजवळ फिरकू देत नसत. मोठमोठे डॉक्टर, बिल्डर, एक निवृत्त कर्नल, सगळे पँटी दुमडून त्यांच्या मागे रांगेनं खडकावरून "आई गं, अय्यो" करत चालायचे. मी हसून हसून बेजार व्हायचे. मग माझी पाळी यायची.

"काय लागलं पायाला, सांग," त्या विचारायच्या.

"दगड लागला, काकू. दुसरं काय लागणार?"

"कसला? वाळू सुटायली का त्याच्यावरून? ओल आहे का? उतार कुण्या अंगाला आहे?" मग हताश होऊन, "पुण्याचे पाय! नुसते बुटात घालायला केलेत."

दुसरा नियम चहाचा. गाडी अडकली की इंजिन बंद, सगळे खाली, आणि आधी चहा. स्टोव्ह, पातेलं, आलं ठेचायला खलबत्ता, सगळं त्या जीपमध्ये असायचं. बरोबर डब्यात सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तीळ लावलेल्या कड्या, तेलंगणात संक्रांतीला करतात त्या. काकू त्या बारा महिने करायच्या. एकदा एका तरुण उद्योजकानं बूट काढायला साफ नकार दिला आणि आपली चकचकीत गाडी थेट तळ्याकाठच्या चिखलात घातली. गाडी रुतली. तो चिडून आणखी रेस करतोय, चाकं फिरतायत, गाडी आणखी खाली जातेय. काकूंनी जाऊन त्याच्या खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.

"अम्मा, किल्ली द्या!"

"चहा घे आधी."

"चहा नको मला, गाडी बुडतेय माझी!"

"ती नाही बुडायली, तू बुडवायलास. चाक फिरतंय तोपर्यंत खड्डाच खणणार ते. खाली उतर, साखर किती?"

चहा होईपर्यंत त्याचा राग निवला. मग त्यांनी त्याच्या टायरमधली हवा कमी करायला लावली, चाकांपुढे दगड रचले, आणि गाडी निघाली बाहेर. पुढच्या रविवारी तो आल्या आल्या बूट हातात घेऊनच उतरला.

आणि दगडांची नावं! त्या माळावरच्या प्रत्येक चढाला काकूंनी सासरच्या माणसाचं नाव दिलं होतं. 'नणंद' दिसायला लहान, पण गाडीला खालून घासल्याशिवाय सोडायची नाही. 'थोरल्या जाऊबाई' सुरुवातीला ऐसपैस, गोड, आणि मधेच अशा एका अंगाला कलायच्या की जीप आडवी व्हायला बघायची. मी एकदा विचारलं, "सासूबाई कुठल्या?" तर काकूंचा आवाज मऊ झाला. "त्या बिचाऱ्या कुणाच्या वाटेत आल्या नाहीत कधी." ही नावं सगळ्यांनी उचलली होती. मराठीचा गंध नसलेली तेलुगू पोरं एकमेकांना सांगायची, "नणंद ओके अन्ना, मामंजी चाला कष्टम!"

मामंजी कष्टमच होता, म्हणजे फार अवघड. माळाच्या टोकाला एकसंध काळा खडक, उभा, गुळगुळीत, आणि निम्म्यावर आडवी भेग. भेगेच्या वर पायरीसारखा उंचवटा. मोठ्या गाड्यासुद्धा तिथून मागे फिरायच्या. काकूही त्याच्या पायथ्याशी जायच्या, अनवाणी वर जाऊन यायच्या, आणि गाडी न घालताच परत यायच्या. "अजून नाही," म्हणायच्या.

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे. जीप त्यांचीच. सिकंदराबादला लष्कराच्या लिलावात घेतलेली. काकूंनी त्यांची गोष्ट मला एकदाच सांगितली, भाकरी थापता थापता. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. सगळं घर जीपमधून नांदेडकडच्या शेताला निघालं. मामंजींच्या घरात बाईमाणसानं पुढच्या सीटवर बसायचं नाही असा दंडक. बायका मागे, पोत्यांच्या मधे. वाटेत एका ओढ्याच्या पात्रात जीप रुतली. मामंजी रेस करतायत, गडी ढकलतायत, बायका खाली उतरून चिखलात उभ्या. चपला तर चिखलानं केव्हाच ओढून नेलेल्या. नव्या नवरीच्या डाव्या पायाला चिखलाखाली काहीतरी कडक लागलं. तिनं पायानंच पुढे चाचपून बघितलं. सलग मुरूम होता, पार काठापर्यंत.

"मी म्हटलं, मामंजी, डावीकडे घ्या, डावीकडे मुरूम आहे."

"मग?"

"मग काय. म्हणाले, मागं बस." काकूंनी भाकरी उलटली. "बसले. सांज झाली तरी तिथंच. बैलजोडी आणून ओढली तेव्हा निघाली. कुठून ओढली? डावीकडून."

मामंजी असेपर्यंत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. ते गेल्यावर नवऱ्यानं शिकवलं; म्हणजे तो शेजारी शेंगा खात बसायचा आणि या शिकायच्या. "भला माणूस होता," त्या म्हणायच्या, "पण त्यानंबी त्या दिवशी ओढ्यात तोंड उघडलं नव्हतं."

मी राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचे डोळे जायला लागले. नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. मी रडकुंडीला आले होते, काकू म्हणाल्या, "तुझे कान दिसतात मला, तोंड दिसत नाही. बरंच झालं, हापिसातून येतीस तेव्हा बघवत नव्हतं." रस्त्यावर गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून त्याच दिवशी सोडलं. "रस्त्यावर माणसं असतात," एवढंच बोलल्या. जीप माळापर्यंत मी न्यायला लागले. क्लच असा, की माझा गुडघा दुखून यायचा. माळावर पोचलं की त्या उजवीकडे, स्टिअरिंगमागे यायच्या आणि ओळखीचे चढ चढायच्या, नणंद, जाऊबाई, कुठंही चाक न चुकता. डाग वाढत होता. बाई चढत होती. मी बघत राहायचे. देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं मला, खरं सांगते.

मग एका रविवारी माळाच्या तोंडाशी फलक दिसला. प्लॉट पडणार होते. दिवाळीनंतर कुंपण, आणि मग सुरुंग लावून खडक फोडणार. मी फलक वाचून दाखवला. काकूंनी फलकाचा खांब हातानं चाचपला. मग म्हणाल्या, "म्हणजे मामंजी जाणार."

"हो."

"आणि डोळे बी जाणार." त्यांनी पदर खोचला. "मग आता करून टाकायला पाहिजे."

दसऱ्याच्या सुट्टीत मुलगा आला होता. मी वर माझ्या खोलीत, आणि खाली हा एवढा आवाज. थोड्या वेळानं तो जिना चढून आला. चांगला माणूस, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, डोळ्यांत पाणी. "तुम्ही तिला नेऊ नका," म्हणाला. "तुम्ही नेलं नाही तर ती जाऊ शकत नाही. मी दारातून आत आलो की माझा आवाज येईपर्यंत तिला कळत नाही हो, कोण आलंय ते. आणि ती त्या खडकावर चढणार?"

खोट काढायचा मला पगार मिळतो, पण त्याच्या बोलण्यात मला खोट सापडेना. मी खाली गेले आणि काकूंना तेच विचारलं. स्पष्टच विचारलं, "दिसत नसताना कशा चढणार?"

"इकडे ये." त्यांनी मला जीपमध्ये बसवलं, स्टिअरिंगमागे. "चढावर गाडीचं नाक वर झालं, की समोर काय दिसतं?"

मी आठवून बघितलं. "आभाळ."

"जमीन दिसते का? भेग दिसते? चाक कुठं पडायलं ते दिसतं?"

"नाही."

"कुणालाच दिसत नाही. तुला नाही, कर्नलला नाही, मामंजीला नाही. तिथं सगळेच आंधळे गं. म्हणून तर आधी चालायचं." मग मुलाकडे, म्हणजे त्याच्या आवाजाच्या दिशेला वळून, "तू बी चल. तुझ्यासमोर होऊ दे काय व्हायचं ते."

मलकपेठच्या मेकॅनिकचाचांनी जीपवर जाड लोखंडी पिंजरा बसवून दिला, सीटचे पट्टे बदलले, ब्रेक तपासले. "अम्मा, ये गाडी बुढ्ढी हो गई, तुम कब होते?" म्हणाले. रविवारी आम्ही तिघं निघालो. बतुकम्माचे, तेलंगणातल्या फुलांच्या सणाचे दिवस होते, वाटेत जागोजागी झेंडूचे ढीग. मुलगा मागे बसला होता.

मामंजींच्या पायथ्याशी मंडळी आधीच जमली होती. काकूंनी चाकांतली हवा कमी करवून घेतली, चपला माझ्या हातात दिल्या आणि एकट्याच खडकावर चढून गेल्या. भेगेपाशी बराच वेळ थांबल्या. एक पाय इकडे, एक तिकडे, टाच दाबून, बोटं दाबून. खाली आल्या, पट्टा बांधला, लो गिअर टाकला. खडकावर मध्यापर्यंत जीप अशी गेली, की मला वाटलं झालंच. पुढची चाकं भेगेला लागली, डावं चाक उचललं गेलं, जीप कलली. आणि मुलगा जिवाच्या आकांतानं ओरडला, "आई, थांब!"

आईनं ब्रेक दाबला. लेकराच्या हाकेला कुठली आई थांबणार नाही? इंजिन बंद पडलं. चढाच्या निम्म्यावर बंद पडलेली जीप! काकूंनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. दुसऱ्या पायानं क्लच, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, ब्रेक हळूच सोडत किल्ली फिरवली, आणि इंजिनाच्याच जोरावर जीप उलटी, सरळ, इंचभर वाकडी न होता खाली आली. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "आलं कुठं ठेवलंयस गं?"

चहा झाला. मुलगा कप तसाच धरून बसला होता. मला वाटलं आता त्या त्याला फाडून खाणार; मी असते तर खाल्लं असतं. काकूंनी त्याला सकिनालूचा डबा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "बूट काढ."

"आई, बास झालं. चल घरी."

"बूट काढ, राजा."

त्यानं काढले. पांढरे शुभ्र पाय, मोज्यांचे वळ पडलेले. आई पुढे, तो मागे. दसऱ्याचं ऊन, खडक तापायला लागलेला. खालून आम्ही बघतोय, दोघं भेगेपाशी बसलीत, ती त्याचा पाय हातानं धरून कुठंतरी टेकवतेय. लहानपणी पायात वाळे घालताना धरला असेल तसाच. मग त्यानं आपणहून पाय सरकवला, डावीकडे, आणखी डावीकडे, आणि मान वर केली.

"इथं भेग बुजलीये," म्हणाला. "इथं खडबडीत आहे. चाक धरेल इथं."

"हौ. मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं, म्हणून ओरडलास."

त्यांनी त्याला तिथंच उभं केलं, भेगेच्या वर, कडेला. खाली आल्या आणि सगळ्यांना सांगितलं, "आता एकच जीभ बोलेल. बाकीच्यांनी तोंडं मिटायची, कर्नलसाब भी."

दुसऱ्या खेपेला मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटवेनात. जीप चढत होती. वरून त्याचा आवाज येत होता, आधी कापरा, मग बसत गेलेला. "ये. ये आई. थोडं डावं. अजून. बास. ये." डावं चाक भेगेला लागलं, घसरलं नाही, चढलं. जीप कलली. तो ओरडला नाही. "ये," म्हणाला, "धरलंय चाकानं, ये." उजवं चाक वर आलं. मागचं डावं. मागचं उजवं. मग समोर खडक उरलाच नाही, नुसतं आभाळ, आणि त्यात ती ठिगळांची जीप सपाट झाली.

खाली जे काही झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी रडत होते. कर्नल टोपी काढून उभे होते. मी चपला हातात घेऊन, अनवाणीच, खडकावरून धावत सुटले. कशी चढले देव जाणे. वर काकू जीपमधून उतरून उभ्या होत्या, तळपाय खडकाला लावून, नुसत्या उभ्या. चेहऱ्यावर जिंकल्याबिंकल्याचं काही नाही. मी विचारलं, "काकू, कसं वाटतंय?"

"ऊन लागायलंय पायाला," म्हणाल्या.

मी आता पुण्याला परत आले आहे. इथं पार्किंगमध्ये माझी छोटी गाडी आहे, आणि सोसायटीतल्या चढावर ती घालायच्या आधी मी अनवाणी चालत नाही, लोक काय म्हणतील! फोनवर काकू पहिला प्रश्न हाच विचारतात, पायाला काही लागतं का नाही. मामंजी आता नाही. तिथं घरं होतायत. जीप जिन्याखालीच आहे. पण त्या दिवशीचं एवढं एक सांगायचं राहिलं.

उतरायची वेळ झाली तेव्हा काकूंनी किल्ली मुलाच्या हातात दिली. "मला जमणार नाही," तो म्हणाला. "चाललास नव्हं आता? पायाला ठावं आहे," त्या म्हणाल्या, आणि वळसा घालून डाव्या अंगाला येऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. गाडीचं नाक खाली झालं आणि खालची माणसं एवढीशी दिसायला लागली. त्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. काकूंनी डोळे मिटले होते, तळपाय जीपच्या पत्र्यावर सपाट टेकवलेले.

"डावीकडे घे," त्या म्हणाल्या.

त्यानं घेतलं.